वॉशिंग मशीनमधून पाणी जात नाहीये? पंप बदलण्याआधी हे तपासा

प्रोग्रॅम संपायची वेळ झाली तरी मशीन मध्येच थांबलंय. काचेतून पाहावं तर ड्रममध्ये गढूळ पाणी, त्यात कपडे तसेच पडलेले, आणि दार काही केल्या उघडत नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनची ही अगदी नेहमीची तक्रार आहे आणि बहुतेकदा ती घरच्या घरी निस्तरता येते. पण मशीन न उघडताच "पंप गेला असेल" असं निदान होतं, नवा पंप येतो, आणि जुना काढल्यावर कळतं की त्यात फक्त एक बटण अडकलं होतं. पंप खरंच जातो, नाही असं नाही. पण त्याच्याआधी तपासायच्या चार-पाच जागा आहेत. तिथे बिघाड होण्याची शक्यता जास्त असते आणि तो काढायला खर्चही येत नाही.

माझा या कामातला नियम एकच आहे: दोष हाताला लागल्याशिवाय नवा भाग विकत घ्यायचा नाही. तपासणी बाहेरून आत न्यायची आणि प्रत्येक पायरीवर "इथे पाणी येतंय का, इथून पुढे जातंय का" एवढंच विचारायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय. टॉप लोड मशीनलाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त फिल्टरची आणि पंपाची जागा वेगळी असते.

आधी कान लावा

काहीही उघडण्याआधी एकदा 'ड्रेन' किंवा 'स्पिन' लावा आणि मशीनच्या खालच्या भागाशी बसून ऐका. मशीनखाली पाणी सांडलेलं असेल, जळका वास येत असेल किंवा चालू करताच घरातला ब्रेकर पडत असेल तर ही चाचणी करू नका. सरळ वीज तोडा.

पंप घोंघावतोय, पण पाणी हलत नाही, असं असेल तर पंपापर्यंत वीज पोचतेय आणि अडथळा पाण्याच्या वाटेत आहे. खडखड किंवा करकर आवाज येत असेल तर पंपात काहीतरी कडक वस्तू शिरली आहे. अजिबात आवाज नसेल तर पंपाची कॉइल (मोटरमधली तारेची गुंडाळी), वायर किंवा मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड यांच्यावर संशय घ्यायचा. पाणी पूर्ण गेलंय, तरी पंप थांबत नाही किंवा मशीन स्पिनला जातच नाही, हा चौथा प्रकार. त्यात पंपाचा काही दोष नसतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

एरर कोड दिसत असेल तर लिहून ठेवा आणि मशीनसोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहा. पण 'ड्रेन एरर' या कोडचा अर्थ "ठरलेल्या वेळात पाणी गेलं नाही" एवढाच असतो. का गेलं नाही, हे मशीनला कळलेलं नसतं.

हात घालण्याआधी

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण स्विच एकच तार तोडतो, आणि वायरिंग उलटसुलट असेल तर मशीनपर्यंत वीज राहू शकते. प्लग काढून तो डोळ्यांना दिसेल असा ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी नकळत लावणार नाही. पाण्याचा नळ बंद करा. धुलाई गरम पाण्यात लावली होती का, ते आठवा. ६० अंशांच्या पाण्याने हात सेकंदांत भाजतो आणि काही प्रोग्रॅम ९० अंशांपर्यंत जातात. शंका असेल तर तास-दोन तास मशीन तसंच राहू द्या.

दाराशी झटापट करू नका. प्लग काढल्यावर दाराचं लॉक सहसा एक-दोन मिनिटांत सुटतं, पण आत काचेपर्यंत पाणी असताना दार उघडलं तर ते सगळं फरशीवर येईल. काही मशीनमध्ये पाणी असेपर्यंत लॉक सुटतच नाही. आधी पाणी, मग दार.

मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड उघडायची आपल्याला गरज पडणार नाही. इन्व्हर्टर मोटर असलेल्या मशीनच्या बोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, प्लग काढल्यावरही काही काळ भारलेले असतात, म्हणून कव्हर काढायचं झालं तरी दहा मिनिटं थांबून काढा आणि बोर्डला हात लावू नका. आणि हे धाडस मायक्रोवेव्ह ओव्हनच्या बाबतीत कधीही करू नका. त्यातल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, तो प्लग काढल्यावरही उरू शकतो आणि त्याने जीव जातो. वॉशिंग मशीनचा फिल्टर साफ करणं आणि मायक्रोवेव्हचं कव्हर उघडणं ही एका जातीची कामं नाहीत.

मशीन वॉरंटीत असेल तर फिल्टर आणि बाहेरच्या पाइपपर्यंतच थांबा, कारण ते वापरणाऱ्यानेच साफ करायचे असतात. स्क्रू उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

हाताशी ठेवा: उथळ ट्रे, बादली, जुने टॉवेल, टॉर्च, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि असल्यास साधा डिजिटल मल्टीमीटर. मोबाइलचा कॅमेरा तर हवाच. सोडवलेल्या प्रत्येक जोडाचा आधी फोटो काढा.

पाणी काढणं

मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं, बहुतेकदा उजव्या कोपऱ्यात. ते नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उघडा. आत फिल्टरची गोल मूठ दिसेल आणि अनेक मशीनमध्ये तिच्या शेजारी बोटाएवढी जाड रबरी नळी. नळी बाहेर ओढा, टोक ट्रेमध्ये धरा आणि बूच काढा. पाणी गुरुत्वाने येतं, त्यामुळे वेळ लागतो. ट्रे भरत आला की बूच लावायचं, रिकामा करायचा, पुन्हा सुरू.

नळी नसेल तर मागचा ड्रेन पाइप त्याच्या हुकमधून सोडवून टोक जमिनीलगत ठेवलेल्या पसरट भांड्यात धरा. पाइप मोकळा असेल तर ड्रममधलं बरंचसं पाणी या वाटेनेच येतं. तेही जमलं नाही तर फिल्टरची मूठ अर्धा-पाऊण फेरा सैल करून पाणी झिरपू द्यायचं आणि ट्रे भरला की पुन्हा आवळायची. मूठ एकदम पूर्ण काढायची नाही. आत १०-१५ लिटर पाणी सहज असू शकतं.

आता या पायरीतलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण. ड्रममध्ये पाणी आहे आणि मूठ सैल करताच ते जोराने येतंय, तर टबापासून (ड्रमभोवतीच्या, पाणी धरणाऱ्या टाकीपासून) फिल्टरपर्यंतची वाट मोकळी आहे आणि अडथळा फिल्टरमध्येच किंवा त्याच्या पुढे आहे. पण ड्रम भरलेला असूनही बारीक धारच येत असेल, तर अडथळा फिल्टरच्या मागे, टबाखालच्या जाड रबरी नळीत आहे. तिथे बहुधा लहान मोजा किंवा रुमाल असतो, दाराच्या रबरातून निसटून ड्रम आणि टबाच्या फटीत गेलेला. एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं. म्हणून पाणी काढताना घाई करू नका, धार बघा.

फिल्टर आणि पंपाचं पातं

पाणी संपल्यावर मूठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून फिल्टर बाहेर काढा. महिनोन् महिने उघडला नसेल तर मूठ घट्ट बसलेली असते. पक्कड लावायची वेळ आली तर मध्ये कापड धरा, नाहीतर प्लास्टिकचा कान तुटतो आणि मग फिल्टर काढणंच अवघड होऊन बसतं.

फिल्टरवर करड्या रंगाचा, दोऱ्यांचा आणि केसांचा चिकट लगदा दिसेल. नाणी, केसांच्या पिना, बटणं, अंतर्वस्त्रांतली तार, कागदाचा चोथा, सगळं इथे येऊन थांबतं. फिल्टर नळाखाली जुन्या टूथब्रशने धुवा. रबरी रिंगवरचा गाळही काढा, कारण तिच्यावर वाळूचा एखादा कण राहिला तरी नंतर थेंब थेंब गळत राहतं.

बरेच जण इथेच थांबतात आणि फिल्टर परत बसवतात. खरी गंमत त्याच्या मागे आहे. टॉर्च लावून फिल्टरच्या पोकळीत आत पाहा. समोर किंवा एका बाजूला छोटा, दोन-चार पाकळ्यांचा प्लास्टिकचा पंखा दिसेल. हेच पंपाचं पातं, म्हणजे इम्पेलर. कारागीर याला नुसता 'पंखा' म्हणतात. प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा आणि हे पातं बोटाने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने फिरवून पाहा.

इथे अनेकांची फसगत होते. पातं एका लयीत, गुळगुळीत फिरणं अपेक्षित नाही. त्याच्या दांड्यावर मॅग्नेट असतो, त्यामुळे ते थोडं सैल फिरतं, मग अडखळतं, मग झटक्याने पुढच्या जागी जाऊन बसतं. बोटाला हे झटके स्पष्ट जाणवले तर पातं ठीक आहे. 'अडकतंय' म्हणून जोर लावू नका. काळजी करायची ती दोन बाबतींत. एक, पातं हलतच नाही. मग पाकळीच्या आणि भिंतीच्या फटीत काहीतरी पाचरीसारखं बसलंय किंवा दांड्याभोवती केस-दोरे गुंडाळले गेलेत. लांब चिमट्याने दोऱ्याचं एक टोक पकडा, पातं हळूहळू उलट फिरवा आणि गुंडाळी सोडवत बाहेर घ्या. खेचून तोडलंत तर उरलेला तुकडा आणखी आत जाईल. दोन, पातं एकही झटका न देता भिरभिर फिरतंय किंवा पुढे-मागे डुगडुगतंय. मग ते दांड्यावरून सुटलंय. मोटर आत फिरत राहते, पातं जागेवरच. असा पंप ऐकायला चांगला वाटतो, पण पाणी ढकलत नाही. तो बदलावाच लागतो.

पोकळीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. डोळ्यांना न दिसणारी पिन किंवा बारीक खडा तिथेच लपतो. काचेचे तुकडे असण्याची शक्यता असेल तर हातमोजे घाला.

फिल्टर बसवताना आटे सरळ धरून आधी हलक्या हाताने फिरवा. तिरपा बसला तर पुढच्या धुलाईत फरशी भिजलीच म्हणून समजा.

ड्रेन पाइप

मशीन थोडं पुढे ओढा. हे दोघांनी करायचं काम आहे, कारण फ्रंट लोड मशीनमध्ये तोल राखायला काँक्रीटचे वजनदार ठोकळे बसवलेले असतात आणि एकूण वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जातं. मागे पाइप भिंतीत आणि मशीनमध्ये चेपला गेलाय का? दुमडलाय का? जागा बदलल्यावर किंवा साफसफाईनंतर तक्रार सुरू झाली असेल तर नव्वद टक्के संशय इथेच घ्या.

पाइपचं टोक किती उंचीवर आहे, हेही पाहा. बहुतेक मशीनना ते जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटरवर हवं असतं. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. फार उंच असेल तर पंपाला पाणी चढवता येत नाही. फार खाली असेल किंवा टोक पाण्यात बुडालेलं असेल तर उलटंच होतं. पाणी भरत असतानाच आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. पाइप भिंतीतल्या नळीत अगदी खोल, घट्ट खुपसलेला असेल तरी हेच. बाजूने हवा जायला जागा हवी.

पाइप सिंकखालच्या जोडाला लावला असेल तर तो जोड सोडून आत पाहा. तिथे साबणाचा आणि चिकटाचा गोळा साचतो. जोडणी नवी असेल तर त्या तोंडावरचा प्लास्टिकचा बंद पडदा कापायचाच राहिलाय का, हेही बघा.

घराची नळी तुंबली आहे की मशीन, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. पाइपचं टोक नेहमीच्याच उंचीवर बादलीत धरा, थोडं पाणी भरून 'ड्रेन' लावा. जोरात धार आली तर मशीन निर्दोष आहे, भिंतीतली नळी साफ करा. बादली बघता बघता भरते, म्हणून कुणीतरी बटणाशी उभं राहा.

पंपाची विजेची तपासणी

वरचं सगळं साफ आहे आणि पंप मुका आहे, तर मल्टीमीटर घ्यायची वेळ आली. प्लग काढलेला. पंप कुठून दिसतो ते मॉडेलवर अवलंबून असतं. काहींना मागचं पत्र्याचं झाकण असतं, काहींमध्ये खालून हात जातो, काहींची पुढची पट्टी काढावी लागते. मशीन कलंडवायचं असेल तर आधी पाणी पूर्ण काढा, साबणाचा ड्रॉवर बाहेर घ्या आणि दोघांनी मिळून कलंडवा.

पंपाचा कनेक्टर वायर न ओढता, प्लास्टिकला धरून काढा. पिनांवर हिरवट गंज दिसला तर तोच दोष असू शकतो. मल्टीमीटर ओहमवर (विजेचा रोध मोजायच्या Ω खुणेवर) ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना लावून आकडा शून्याजवळ येतो का ते बघा, मग ती पंपाच्या दोन पिनांना लावा. २२०-२४० व्होल्टच्या साध्या दोन पिनांच्या पंपाला साधारण १०० ते २०० ओहम दिसतात. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली आहे. पण पंप नुकताच बराच वेळ अडकून घोंघावत होता का? मग थोडं थांबा. अनेक पंपांमध्ये तापल्यावर वीज तोडणारा संरक्षक असतो. तो थंड होईपर्यंत चांगला पंपही मेलेला दिसतो. अर्ध्या-एक तासाने पुन्हा मोजा.

तीन पिनांचा पंप असेल तर तो वेगळ्या जातीचा आहे. तिथे तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. एखादी जोडी फार वेगळी आली तर पंप सदोष.

कॉइल चांगली आहे, पातं मोकळं आहे आणि तरीही आवाज नाही, मग बोर्डपर्यंतची वायर किंवा बोर्ड. मशीन चालू ठेवून पंपाच्या पिनांवर व्होल्टेज मोजायचा मोह आवरा. पाण्याशेजारी उघड्या तारा घेऊन करायचं हे काम नाही. इथे टेक्निशियनला बोलवा आणि आतापर्यंत काय तपासलं, किती ओहम आले, ते सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि पंप उगाच बदलला जाणार नाही.

पंप बदलायचाच असेल तर

मशीनचा मॉडेल नंबर आणि पंपावरच्या लेबलचा फोटो घेऊनच नवा पंप मागवा. बाहेरून सारखे दिसणारे पंप स्क्रूच्या जागा आणि पिनांची रचना यांत वेगळे असतात.

खाली टॉवेल पसरा, कारण कितीही पाणी काढलं तरी पेलाभर उरतंच. कनेक्टर काढा. नळीवरच्या स्प्रिंग क्लॅम्पचे दोन कान पकडीने दाबून तो मागे सरकवा आणि नळी हलके पिळत ओढा. टबाखालची जाड नळी मोकळी झालीच आहे, तर तिच्यात टॉर्च मारून पाहा. हरवलेला मोजा इथे भेटतो. त्या नळीत एक पोकळ प्लास्टिकचा चेंडू दिसला तर तो कचरा समजून काढून टाकू नका, तो मशीनचाच भाग आहे. काही मॉडेलमध्ये फक्त मोटर आणि पातं एवढाच भाग तीन-चार स्क्रू काढून किंवा थोडं फिरवून सुटतो. तेवढाच मिळत असेल तर फिल्टरचं घर बदलायची गरज नाही.

नवा पंप लावल्यावर क्लॅम्प नळीवरच्या जुन्या खुणेवरच बसवा. झाकणं लगेच लावू नका. आधी ड्रममध्ये लिटर-दोन लिटर पाणी ओतून कोरड्या टिश्यू पेपरने प्रत्येक जोड टिपून पाहा. पेपर कोरडा राहिला की झाकणं लावायची आणि मगच प्लग जोडायचा.

पाणी जातंय, पण स्पिन होत नाही

सगळ्यात आधी कपडे काढून रिकामं मशीन स्पिनला लावा. रिकामं नीट फिरलं तर मशीन चांगलं आहे, भार एका बाजूला गोळा होत होता. एकटा जाड टॉवेल किंवा एकच चादर घातली की असं होतं. त्यासोबत आणखी दोन-चार कपडे घाला.

काचेवर फेस दिसतोय? पंप पाणी ढकलतो, फेस त्याला ढकलता येत नाही. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली किंवा प्रमाण जास्त झालं की मशीन फेस जिरायची वाट बघत अडकून पडतं. तासभर थांबा, साबण न घालता एक-दोनदा 'रिन्स' लावा.

दोन्ही नाही, तर प्रेशर स्विचची नळी. टबाच्या खालच्या भागापासून वरच्या स्विचपर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला पातळी कळते. नळीच्या मुळाशी साबणाचा थर साचला की दाब आतच अडकतो, आणि टब रिकामा असूनही मशीन त्याला भरलेला समजतं. मशीनचं वरचं झाकण मागचे स्क्रू काढून मागे सरकवा, नळी स्विचच्या टोकाकडून सोडवा आणि टबाच्या दिशेने फुंका. हवा सहज गेली पाहिजे. अडली तर नळी जिथे टबाला मिळते तिथला छोटा डबा काढून कोमट पाण्याने धुवा. स्विचमध्ये मात्र जोरात फुंकू नका, आतला पडदा नाजूक असतो. नळीला भेग असेल तर ती बदला, कारण गळकी नळी उलटा घोटाळा करते आणि मशीन गरजेपेक्षा जास्त पाणी भरतं.

धुतानाही ड्रम फिरत नसेल तर पट्टा निसटलाय का आणि कार्बन ब्रशची मोटर असल्यास ब्रश झिजलेत का, ते पाहायचं. स्पिनला विमान उडाल्यासारखा घरघराट होत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि त्यासाठी अख्खा टब बाहेर काढावा लागतो. ते काम माहितगारावर सोपवा.

पुन्हा तुंबू नये म्हणून

फिल्टर महिन्यातून एकदा उघडा, लहान मुलांचे कपडे किंवा पाळीव प्राण्याचे केस लागलेले कपडे धूत असाल तर पंधरा दिवसांनी. कपडे घालण्याआधी खिसे उलटे करा. मोजे आणि तार असलेली अंतर्वस्त्रं जाळीच्या पिशवीत घाला. दाराच्या रबराची घडी धुलाईनंतर बोटाने उघडून पुसा, कारण पिना आणि नाणी पंपाकडे निघण्याआधी तिथेच थांबलेली असतात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पूर्ण धुलाईला मशीनपाशीच थांबा, आणि धुलाई संपल्यावर खालचं झाकण उघडून फिल्टरच्या मुठीखाली बोट फिरवा. बोट ओलं झालं तर मूठ काढून रबरी रिंग पुन्हा पुसा आणि परत आवळा.